यंदाच्या संकल्पांत 'च' नाही

बसच्या आगारात ऐन दिवाळीच्या सुट्टीची गर्दी उसळलेली असताना कर्णाबाईंचा आवाज गेला. गेला म्हणजे साफ गेला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" एवढं नेहमीसारखं खणखणीत झालं, आणि पुढे सायकलच्या ट्यूबमधली हवा सुटावी तशी नुसती फुस्स! बॅगा आणि पोरं सांभाळत फलाटावर उभी असलेली माणसं वर कर्ण्याकडे बघत राहिली. वाहतूक नियंत्रक धावत आले आणि त्यांनी आधी यंत्रालाच दोन थपडा लगावल्या. मग वायरी हलवून पाहिल्या.

"काय कटकट आहे! याला आजच बिघडायचं होतं?"

बाईंनी त्यांचा हात धरला, स्वतःच्या गळ्याकडे बोट केलं आणि मान हलवली.

"तुमचा?" नियंत्रकांचा विश्वास बसेना. "तुमचा आवाज बसला?"

विश्वास कसा बसणार? त्या आगारात चालक-वाहक बदलले, गाड्या बदलल्या, फलाटांवरच्या फरश्यासुद्धा बदलल्या, पण खांबावरच्या कर्ण्यातून येणारा आवाज तोच राहिला होता. म्हणून तर सगळे त्यांना कर्णाबाई म्हणायचे, आणि त्यांनाही ते आवडायचं. वीज गेली तरी आगाराचं अडत नसे. बाई खिडकीतून डोकं बाहेर काढत आणि शेवटच्या फलाटापर्यंत हाक पोचवत. पेंगणारे चालक दचकून उठत.

घरीसुद्धा त्या गळ्याला विसावा नव्हता. पुढच्या खोलीत नवऱ्याचं शिलाई मशीन दुरुस्त करायचं दुकान. एखादं मशीन सुधारलं, की ते खडखडाट करत चालवून बघण्यात त्याला कोण आनंद. मागच्या खोलीत सासूबाई. त्यांना गेली काही वर्षं कमी ऐकू यायचं. त्यामुळे "आई, चहा!" ही बाईंची हाक गल्लीच्या टोकापर्यंत जायची, आणि शेजारीपाजारीही आपापला चहा त्याच हाकेवर टाकायचे.

आणि वर्षाच्या शेवटी तर विचारूच नका. डिसेंबर संपायला आला, की बाई घरात नव्या वर्षाची घोषणा करत. उद्यापासून पहाटे उठायचंच. साखर बंद म्हणजे बंदच. धावायला जायचंच जायचं. नवरा तोंडात स्क्रू धरून हे सगळं निमूटपणे ऐकून घ्यायचा. पहिला आठवडा घरात लष्करी राजवट असायची. दुसऱ्या आठवड्यात गजराच्या घड्याळावर उशी पडायची. एका वर्षी हौसेनं आणलेल्या दोरीवरच्या उड्यांच्या दोरीवर पुढे मोजे वाळू लागले. व्यायामाची चटई एका जड मशीनखाली गेली, ती तिथेच राहिली. या सगळ्याचं नवऱ्याला हसू यायचं, पण बाईंना हसू येत नसे. "माझ्यातच दम नाही," असं त्या स्वतःला बोल लावायच्या, आणि तो सल पुढच्या डिसेंबरपर्यंत आत कुठेतरी टोचत राहायचा.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून तपासलं आणि पडद्यावर चित्र दाखवलं. आवाजाच्या तंतूंना सूज होती आणि कडेला बारीक गाठी आल्या होत्या.

"वर्ष संपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कुजबुजायचंसुद्धा नाही. कुजबुजल्यानं जास्त ताण येतो. नवीन वर्ष लागलं की या, मग बघू."

"आणि शिंक आली तर?" नवऱ्यानं काळजीनं विचारलं.

"शिंका खुशाल."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तो हळूच म्हणाला, "हे बघ, यात माझा काही हात नाही हं." बाईंनी फटकन उत्तर द्यायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि पर्सचा एक फटका त्याच्या पाठीत घातला.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. आगारातून रजा मिळाली होती. शब्द नुसते घशापर्यंत येऊन मुरडत. त्यांनी कात्री मागावी, तर नवऱ्यानं पक्कड आणून द्यावी. खिडकी लाव म्हणून खुणावलं, तर त्यानं विचारावं, "मान आखडली का गं?" शेजारच्या बाई आल्या, तासभर स्वतःच बोलल्या आणि जाताना म्हणाल्या, "आज किती छान गप्पा झाल्या!" बाईंना हसावं की रडावं कळेना.

मग एका दुपारी भाजी निवडताना बाई स्वतःशीच ओठ हलवत पुटपुटल्या. आवाज नाही, श्वासही नाही, नुसते ओठ. 'आता यात मीठ किती घालायचं ते कोण सांगणार, मी की मांजर?' समोर बसलेल्या सासूबाई खुदकन हसल्या.

"मांजर कशाला? मी सांगेन की," त्या म्हणाल्या.

बाईंच्या हातातली भाजी हातात राहिली. त्यांनी पुन्हा नुसते ओठ हलवले. तुम्हाला कळतं?

"कळतं म्हणजे? ऐकू येईना झालं, तेव्हापासून मी ओठांवरूनच तर चालवतेय. शेजारीण, भाजीवाला, तुझा नवरा, सगळ्यांचं कळतं. फक्त तुझंच कळत नव्हतं."

माझंच का?

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. "अगं, तू ओरडायला लागलीस की तोंड एवढं मोठं वासतेस, की त्यातलं काही वाचताच येत नाही! नुसते दात दिसतात. मी आपली अंदाजानं हो म्हणायची. चहा म्हणालीस काय नि अंघोळ म्हणालीस काय."

बाई थक्क होऊन बघत राहिल्या. म्हणजे इतकी वर्षं गल्ली दणाणून सोडली, शेजाऱ्यांना चहा पाजला, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्यांना ते कळतच नव्हतं! आधी त्यांचा चेहरा पडला. मग पोटातून हसू उसळलं. हसायलाही बंदी होती, त्यामुळे त्या तोंडावर पदर दाबून गदागदा हलत राहिल्या, आणि त्यांना बघून सासूबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्या दुपारी दोघी संध्याकाळपर्यंत बोलत बसल्या. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच. सासूबाई तरुणपणी पोहण्याच्या शर्यतीत पहिल्या आल्या होत्या, हे बाईंना त्या दिवशी कळलं.

पण खरा दणका पुढेच होता, आणि तो दिला लेकीनं.

लेक दुसऱ्या शहरात एका पूल बांधणाऱ्या कंपनीत होती. दिवसभर संगणकावर आराखडे काढायची. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा, आणि रोज बाई विचारायच्या, जेवलीस का, स्वेटर घातलास का, केस का कापलेस, मग स्वतःच उत्तरं देऊन फोन ठेवायच्या. आता दोघींनी युक्ती काढली होती. बाईंनी नखानं फोनवर एकदा टकटक केली तर हो, दोनदा केली तर नाही.

त्या संध्याकाळी लेक आगार, आजी, बाबा असं सगळं विचारून झाल्यावर गप्प बसली. एरवी असा रिकामा क्षण बाईंनी कधी ठेवलाच नसता. लगेच काहीतरी भरलं असतं. आज भरायला काही नव्हतंच. क्षण तसाच राहिला, लांबला, आणि मग लेक म्हणाली, "आई, एक सांगायचंय. केव्हापासून सांगायचंय, पण जमतच नव्हतं."

टक.

"मी आराखड्याचं काम सोडतेय. पूल तपासणाऱ्या तुकडीत जातेय. म्हणजे… दोरावर. पुलाच्या कठड्यावरून दोरानं खाली उतरायचं, लटकत लटकत एकेक सांधा बघायचा, तडे गेलेत का, गंज चढलाय का ते."

वेडी झालीस का? हाडं मोडून घ्यायचीत का? कोण लग्न करेल? एकामागून एक वाक्यं तोफेच्या गोळ्यांसारखी बाईंच्या घशात रचली गेली. त्यांनी दुसरा हात तोंडावर घट्ट दाबला. सासूबाई समोरून बघत होत्या. त्यांनी भुवया उंचावल्या.

लेक बोलतच होती. आधी चाचरत, मग भराभर. प्रशिक्षण तिनं केव्हाच सुरू केलं होतं, सुट्टीच्या दिवशी, कुणाला न सांगता. पहिल्यांदा कठड्यावरून पाय सोडला तेव्हा भीती वाटली. दुसऱ्या वेळी कमी. मग एकदा ती पुलाच्या पोटाखाली लटकली असताना डोक्यावरून मालगाडी गेली. "आई, सगळा पूल हलकासा श्वास घेतो. खरंच घेतो! वरून जाणाऱ्या कुणाला पत्ता नसतो. लहान हातोडी असते आमच्याकडे, ती मारली की आवाजावरून कळतं लोखंड आत बरं आहे की नाही. मला कळायला लागलंय. परीक्षाही झाली. पास झाले."

कधी कोण जाणे, बाईंचा तोंडावरचा हात खाली आला. पोरीच्या आवाजात असं काही त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. लहानपणी झोपाळा वर जाताना ती अशी ओरडायची, बस तेवढंच. बाईंना भीती वाटत होती. पण भीतीच्या जोडीला दुसरं काहीतरी सुरसुरत वर येत होतं. आपली पोर! पुलाखाली! हातोडी घेऊन!

"आई? आहेस ना?"

टक.

"रागावलीस?"

टक टक. मग तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून पुन्हा जोरात, टक टक!

पलीकडे लेक एकदम हसली आणि हसता हसता रडली. "मला वाटलं होतं तू मला दोन वाक्यंसुद्धा पुरी करू देणार नाहीस."

फोन ठेवल्यावर ते शेवटचं वाक्य काही बाईंना सोडेना. आणि गंमत म्हणजे त्यात स्वतःला बोल लावण्यासारखं बरंच असूनही त्यांनी तो लावला नाही. त्यांना फक्त पुढच्या संध्याकाळची घाई झाली होती. पोर अजून काय काय सांगेल!

वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुपारी गच्चीत छान ऊन पडलं होतं. नवरा हात पुसत वर आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "हं, काय आहे यंदाची घोषणा? आता आमचे कान तयार आहेत आणि तुझं तोंड बंद!"

बाईंनी सासूबाईंच्या गुडघ्याला हात लावला आणि सावकाश ओठ हलवायला सुरुवात केली. सासूबाईंनी बैठक सावरली. पदर नीट केला. जन्मात पहिल्यांदाच घोषणा करायची पाळी त्यांच्यावर आली होती, आणि ऐकू येत नसल्यामुळे त्यांचा स्वतःचा आवाज चांगलाच चढला.

"ती म्हणतेय, सकाळी थोडं चालावं! जमेल तेव्हा!"

"आणि नाही जमलं तर?" नवऱ्यानं विचारलं.

सासूबाईंनी सुनेकडे बघितलं. "म्हणे, तर दुसऱ्या दिवशी चालावं!"

"पळणार नाही यंदा?"

"पळायचं असेल तर तू पळ म्हणतेय!"

"असं म्हणाली ती?"

"नाही, हे मी म्हणतेय! मध्ये बोलू नकोस!" सासूबाईंनी लेकाला दटावलं आणि पुन्हा सुनेच्या तोंडाकडे डोळे लावले. "घशाला जपावं. कोमट पाणी प्यावं. कामावरून आल्यावर थोडा वेळ नुसतं बसावं. काही न करता. काय गं? हां. भांडीसुद्धा न घासता! साखर…" त्या थांबल्या. "साखर राहू दे म्हणतेय."

"बंद नाही?"

"चहा गोड असावा, पण तो बसून प्यावा, म्हणतेय. उभ्यानं घटाघटा नको!"

नवरा आता हसत नव्हता. तो पुढे सरकून बसला होता. बाई क्षणभर थांबल्या, मग पुन्हा ओठ हलले. या खेपेला सासूबाईंचा आवाज आपोआप खाली आला.

"पोरीला आधी विचारावं. मग सांगावं. आणि तुलाही."

"आणि तुला, आई?" नवऱ्यानं विचारलं.

"माझ्याशी तोंड लहान करून बोलावं!" सासूबाई म्हणाल्या, आणि तिघंही हसली.

नवऱ्याच्या लक्षात एक गोष्ट आली. तो म्हणाला, "अगं, दरवर्षी तुझ्या सगळ्या संकल्पांना शेवटी 'च' असायचा. उठायचंच, धावायचंच. ऐकूनच धाप लागायची. यंदा एकाही वाक्यात 'च' नाही."

बाईंनी मान डोलावली. त्यांना भलतं हलकं वाटत होतं. उद्या सकाळी परीक्षेला बसायचं नव्हतं, सहलीला जायचं होतं, असं काहीतरी. त्या उठल्या आणि कारण नसताना गच्चीच्या कडेनं दोन फेऱ्या मारून आल्या.

नवं वर्ष लागलं आणि दवाखाना उघडला, त्या दिवशी नवरा-बायको दार उघडायच्या आधीच पायऱ्यांवर हजर होते. डॉक्टरांनी पुन्हा पडद्यावर चित्र दाखवलं. सूज उतरली होती, गाठी आक्रसल्या होत्या.

"आता बोला. जोर लावू नका. तुमचं नाव सांगा फक्त."

वर्षानुवर्षं बाईंनी गावांची नावं पुकारली, हरवलेल्या पोरांची पुकारली, चुकलेल्या आजोबांची पुकारली. स्वतःचं नाव मोठ्यानं उच्चारायचा प्रसंग कधी आल्याचं आठवत नव्हतं. त्यांनी श्वास घेतला आणि ते सांगितलं. आवाज आला! थोडा खालच्या पट्टीतला, जरासा खरखरीत, कोवळ्या उन्हासारखा ऊबदार. नवऱ्यानं घाईघाईनं चष्मा काढून पुसायला घेतला.

"परत सांग," तो म्हणाला.

डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. पेल्यात पाणी घ्यायचं, त्यात नळी बुडवायची आणि गुणगुणत बुडबुडे काढायचे. त्या मजेशीर व्यायामानं घर वेडं झालं. सासूबाईंनीही एक नळी मागून घेतली. नवरा पुढच्या खोलीतून ओरडायचा, "कुणाचं उकळतंय?"

आगारात परतल्यावर बाई सरळ नियंत्रकांच्या टेबलाशी गेल्या. आधी असं मागणं त्यांच्या मनातही आलं नसतं. "साहेब, मला जोरात बोलायचं नाहीये. काय करता येईल?" नियंत्रकांनी डोकं खाजवलं आणि यंत्र तपासणाऱ्या कारागिराला बोलावलं. त्यानं झाकण उघडलं, आत बघितलं, आणि तो मोठमोठ्यानं हसायला लागला. "बाई, याचं आवाजाचं बटण अगदी तळाला आहे हो! कुणी वाढवलंच नाही कधी?"

वाढवणार कोण? कुणाला गरजच पडली नव्हती. त्यानं बटण फिरवलं, बाईंनी माइक जवळ घेतला आणि घरात बोलावं तसं बोलल्या. शेवटच्या फलाटावर शब्द न् शब्द पोचला. दुपारपर्यंत कितीतरी प्रवासी खिडकीशी येऊन विचारून गेले, "नवीन बाई आल्या का? छान बोलतात!" चालकांनी मात्र कुरकुर केली. आता झोप लागली तर उठवणार कोण?

सगळं काही सुरळीत चाललं असं नाही. थंडीच्या एका आठवड्यात बाई चालायला गेल्याच नाहीत. दुसऱ्या आठवड्यातही रडतखडत गेल्या. एकदा लेकीला "अगं पण" म्हणून त्यांनी सुरुवात केलीच, आणि लेकीनं नुसतं "आई" म्हटल्यावर जीभ चावली. पण जानेवारी सरला तरी तो जुना सल काही आला नाही. चालणं चुकलं तर चुकलं, दुसऱ्या दिवशी चपला पायात घातल्या की झालं.

थंडी ओसरल्यावर लेकीच्या तुकडीला मोठ्या नदीवरच्या पुलाचं काम मिळालं. तिघांनी ते बघायला जायचं ठरवलं. आदल्या दिवशी सासूबाईंनी सगळ्यांचे बूट पुसून दारात मांडून ठेवले. बसच्या चालकानं कर्णाबाईंना ओळखलं आणि तिघांना पुढची जागा दिली. वाटेत नवरा चारचारदा विचारत होता, "दोर चांगला असतो ना गं?" आणि बाई म्हणत होत्या, "पोर सांगते चांगला असतो. तिला कळतं."

नदीकाठी उतरून तिघांनी वर बघितलं. उंच कठड्यावरून पिवळं हेल्मेट घातलेली एक आकृती पाठमोरी खाली येत होती. पाय खांबाला टेकवत, अलगद उड्या घेत, जणू चालत चालत. मग ती कमानीखाली थांबली, एका हातानं सांधा चाचपला आणि हातोडी उगारली. टण्ण. पुन्हा टण्ण. नवऱ्याचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. सासूबाई टाळ्या वाजवत होत्या.

दुपारी लेक खाली आली. घामानं चिंब, हातांना गंज, आणि चेहरा असा की बाईंना तो दोन्ही हातांत धरावासा वाटला. त्यांनी धरलाही. मग विचारलं, "तुला कसं वाटतं तिथे?"

लेकीनं क्षणभर आईकडे बघितलं. "सांगू कशाला? दाखवते ना! पुलाच्या पोटाखालून तपासणीची पायवाट आहे, दोन्ही बाजूंना जाळी. पाहुण्यांना नेता येतं. मुकादमांनी परवानगी दिलीय. येतेस?"

"ती कशी येईल?" नवरा म्हणाला.

"आण ते हेल्मेट," बाई म्हणाल्या.

पट्टे आवळले गेले. लोखंडी शिडी चढताना बाई मध्येच थांबल्या, श्वास खाली बसू दिला आणि पुन्हा चढल्या. वर पायवाट अरुंद होती आणि पायाखालच्या जाळीतून थेट नदी दिसत होती, हिरवी, चमचमणारी, केवढी तरी खोल. वारा कानांत शिरत होता. डोक्यावरून एक जड गाडी धडधडत गेली आणि पायाखालचं लोखंड हलकेच वर-खाली झालं. बाईंनी कठडा गच्च पकडला. डोळे विस्फारले. आणि मग त्या हसायलाच लागल्या, मोकळ्यानं, लहान पोरीसारख्या.

"परत फिरायचं?" लेकीनं मागे वळून विचारलं.

"छे गं! अजून अर्धंसुद्धा झालं नाही. चल, पलीकडचं टोक बघू या."

लेक पुढे निघाली. खाली काठावर हात हलवणारी दोन माणसं आता अगदी छोटी दिसत होती. बाईंनी एक हात कठड्यावरून उचलला, त्यांना उलट हात केला, आणि पुढचं पाऊल टाकलं.